तेल घालायला कोण विसरले?

जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल पुन्हा सुरू करायची म्हटले की नवे सुटे भाग आणण्याची घाई सगळ्यांनाच होते. पण इंजिन नेमके कशाने बिघडले, हे आधी कोणी पाहतच नाही.

फरीदाबादच्या आमच्या घरात जिन्याखाली एक राजदूत मोटरसायकल 27 वर्षे उभी होती. तिच्यावर एक विटकी सतरंजी घातलेली असे. त्या सतरंजीवर कधी कांद्याचे पोते, कधी रद्दी, तर कधी नातवंडांच्या फुटक्या बॅटी. घरात कोणी तिच्याबद्दल बोलत नसे. पाहुण्यांनी विचारलेच तर आई विषय बदलायची.

कारण तसेच होते. 1997 च्या जून महिन्यात अण्णा आणि आई मथुरा रोडने दिल्लीहून घरी येत होते. भर दुपार, वर आग ओकणारा सूर्य. बदरपूर ओलांडून थोडे पुढे आल्यावर इंजिन एकाएकी अडकले, मागचे चाक जाम झाले आणि दोघेही रस्त्यावर पडले. अण्णांचे खरचटण्यावर भागले. आईचे उजवे मनगट मोडले. रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने गाडीकडे नुसते पाहिले आणि निदान करून टाकले, “ऑइल डालना भूल गए होंगे, बाबूजी.”

दादा तेव्हा 24 वर्षांचा होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तो अण्णांना म्हणाला, “एवढंही लक्षात राहत नाही तुमच्या?” अण्णांनी उत्तर दिले नाही. पेट्रोल भरताना आपण तेल घातले होते की नाही, हे त्यांना स्वतःलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी गाडी जिन्याखाली लावली. थंड झाल्यावर इंजिन सुटले होते, किकही बसत होती. पण त्यांनी पुन्हा तिला हात लावला नाही. दिल्लीच्या मंत्रालयातली नोकरी संपेपर्यंत ते लोकलने जात-येत राहिले.

2024 साली घराला रंग काढायचा ठरला आणि गाडी हलवण्याचा प्रश्न आला. दादाचे मत सरळ होते, “भंगारात द्या.” त्याचेही चुकत नव्हते. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये दिल्ली परिसरातल्या 15 वर्षांवरच्या वाहनांना रस्त्यावर मनाई केली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 15 वर्षांवरची पेट्रोल वाहने आणि 10 वर्षांवरची डिझेल वाहने यांच्यावरचा तो निर्बंध उचलून धरला. फरीदाबाद त्याच क्षेत्रात येते. मग ही गाडी ठेवून करायचे काय?

मी मात्र अडून बसले. खरे सांगायचे तर गाडीच्या प्रेमापोटी नव्हे. राजदूत मला कधीच फारशी आवडली नव्हती; तिची किक मारताना पोटरीवर उलटा दणका बसायचा. पण अण्णा आता 83 वर्षांचे आहेत, आणि सतरंजी काढली त्या दिवशी ते जिन्यापाशी येऊन बराच वेळ नुसते उभे राहिले होते.

माहेरघरी परतलेली गाडी

राजदूतला फरीदाबादेत भंगारात काढणे म्हणजे लेकीला माहेरीच हाकलण्यासारखे आहे. 1944 साली लाहोरमध्ये नंदा बंधूंनी सुरू केलेली एस्कॉर्टस ही कंपनी फाळणीनंतर दिल्लीत आणि पुढे फरीदाबादेत वाढली. साठच्या दशकात तिने पोलंडच्या एसएचएल एम-11 या मोटरसायकलवरून राजदूत 175 तयार केली. सिलिंडरचा व्यास 61 मिलिमीटर, पिस्टनची धाव 59.5 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 174 घन सेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे, अगदी साधे टू-स्ट्रोक इंजिन. वेग बेताचा, पण ओझे वाहण्यात दणकट. आपल्याकडे महाराष्ट्रातही दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून डेअरीकडे निघालेली राजदूत ज्यांनी पाहिली नाही, अशी माणसे जुन्या पिढीत सापडणे कठीण. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल यांना घेऊन धावलेली ती बुटकी मोटरसायकलही राजदूतचीच, तिचे नाव जीटीएस. पुढे यामाहाशी हातमिळवणी करून याच कंपनीने 1983 मध्ये राजदूत 350 आणि 1985 मध्ये आरएक्स 100 आणली. या दोन्ही गाड्यांसाठी आजही तरुण मुले वेडी होतात.

आमची गाडी 1974 ची. त्या तारखेला अचानक महत्त्व आले, कारण केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या दुचाकीची वा चारचाकीची त्यानुसार वेगळी नोंदणी होते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणी 10 वर्षे टिकते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि पुनर्नोंदणीचे 5,000. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. आणि यात एक मोठी अट आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांच्यात मोठा बदल केलेला चालत नाही.

ही अट वाचली नसती तर मी फसले असते. कारण पहिल्यांदा बोलावलेल्या गॅरेजवाल्याने किकवर एकदा पाय ठेवला, ती हलली नाही असे पाहिले आणि प्लगसुद्धा न काढता सांगितले, “इंजिन संपलं. दुसरं तयार इंजिन बसवून देतो, दोन दिवसांत गाडी चालू.” किंमतही फार नव्हती. पण दुसरे इंजिन म्हणजे दुसरा इंजिन क्रमांक. नोंदणीपत्रावर एक आणि इंजिनावर दुसरा क्रमांक असलेली गाडी व्हिंटेज म्हणून कोण नोंदवून घेणार? जुनी गाडी घेणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. अनेक गाड्यांचे इंजिन पूर्वीच बदललेले असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

आधी जाम सोडवा, पण हातोडा नको

शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीने एक म्हातारे मेकॅनिक मिळाले. सगळे त्यांना उस्तादजी म्हणतात. उभे आयुष्य टू-स्ट्रोकमध्ये गेलेले. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कशालाही हात न लावता अण्णांना विचारले, “बंद पडली तेव्हा काय झालं होतं?” अण्णा खाली पाहत म्हणाले, “तेल घालायला विसरलो होतो.” उस्तादजींनी मान हलवली, पण ते मला म्हणाले, “बिटिया, ही बाबूजींची साक्ष झाली. आता इंजिनची घेऊ.”

बंद पडलेल्या इंजिनाला जोरात किक मारणे ही पहिली चूक. आत गंज चढलेला असतो. जबरदस्ती केली तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. उस्तादजींनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण आत सोडले आणि चक्क निघून गेले. रोज थोडे घालायचे आणि वाट पाहायची. सहाव्या दिवशी त्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचे चाक हाताने पुढेमागे डोलवले. आधी केसभर, मग बोटभर, आणि मग कुरकुर करत पिस्टन सुटला.

“हा जाम उभं राहिल्याचा,” ते म्हणाले, “त्या दिवसाचा नव्हे. त्या दिवसाचा वेगळा असेल. दोन्ही वेगळे वाचायचे.”

त्यांचा प्रत्येक शब्द समजायला टू-स्ट्रोक इंजिनाची एक गोष्ट ठाऊक हवी. आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे तेल तळाशी वेगळे साठवलेले असते. राजदूतसारख्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. जुन्या इंजिनांना साधारण 25 लिटर पेट्रोलला 1 लिटर, म्हणजे 5 लिटरच्या भरण्याला 200 मिलिलिटर. हे मिश्रण हवेबरोबर आधी पिस्टनच्या खालच्या बंद पेटीत, क्रँककेसमध्ये शिरते, तिथल्या बेअरिंगना तेल पाजते, खाली येणाऱ्या पिस्टनने दाबले जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर जाऊन पेटते. म्हणजे ही पेटी हवाबंदच हवी. त्यासाठी क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची एकेक सील असते. प्रेशर कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाहेर पडते, तसेच हे. फरक इतकाच की इथे नुसते आतले बाहेर येत नाही, बाहेरची हवाही आत शिरते.

पिस्टनवरचे ओरखडे

हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर उस्तादजींनी पिस्टन पुसला नाही. मी फडके घेऊन पुढे झाले तेव्हा माझ्या हातातून ते काढूनच घेतले. घाईने पुसलेला, पेट्रोलने धुतलेला पिस्टन काही सांगत नाही. त्यावरचे रंग, काजळी, ओरखडे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हेच तर पाहायचे असते.

पिस्टनच्या चारी कोपऱ्यांना, सारख्या अंतरावर घासल्याच्या खुणा असतील तर इंजिन गरम होण्याआधीच गाडी भरधाव सोडली, असे समजावे. पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर मागे राहतो. हवा आत येते त्या बाजूचा पिस्टन धुरकट आणि झिजलेला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेली आहे. दिल्लीकडच्या मे-जूनच्या आंधीत हे फार होते. पिस्टनच्या डोक्याची कडा उंदराने कुरतडल्यासारखी दिसली किंवा मध्येच भोक पडले तर आत चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने जाळ होत होता. मग प्लगचा नंबर, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग तपासायचे. तेल अजिबात नसेल तर पिस्टन सगळ्या बाजूंनी खरडतो, आणि मुख्य म्हणजे खालची बेअरिंगही कोरडी पडून निळसर काळी होतात.

आमच्या पिस्टनवर सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहिल्याने एक गंजाची रेघ होती. तो 27 वर्षे उभे राहिल्याचा पुरावा. तिच्याखाली दुसरा, जुना घाव होता: फक्त सायलेन्सरच्या बाजूला खोल, उभे ओरखडे, वितळून पसरलेले अॅल्युमिनियम आणि त्यात दाबून बसलेली खालची रिंग. मागची बाजू जवळजवळ स्वच्छ. पिस्टनच्या माथ्यावर काळी, तेलकट काजळी असायला हवी, ती मधोमध जळून राखेसारखी पांढुरकी झालेली. काढून ठेवलेल्या प्लगचे टोकही तसेच, पांढरे.

उस्तादजींनी कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहिला. इथे थोडीही खटखट चालत नाही. आडवी किंचित हालचाल मात्र असावीच लागते. रॉड ठीक होता. मग त्याच्या वरच्या टोकाचे बेअरिंग त्यांनी बोटाने चाचपले आणि बोट माझ्यासमोर धरले. बोटावर चिकट, मधासारखे वाळलेले तेल होते.

“बेअरिंगला तेल मिळत होतं,” ते म्हणाले.

मी अण्णांकडे पाहिले. ते खुर्चीत सरसावून बसले होते.

साबणाच्या पाण्याची परीक्षा

तेल होते, तर पिस्टन जळला कशाने? पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण गेले की जाळ अधिक तापतो, पेट्रोलच्या थेंबांनी मिळणारा थंडावा कमी होतो, आणि सर्वांत गरम अशी सायलेन्सरकडची बाजू आधी धरते. हवा जास्त होण्याची कारणे तीन-चार: कार्ब्युरेटरचे जेट कचऱ्याने तुंबणे, कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधले पॅकिंग फाटणे, टाकीचा नळ अर्धवट बंद होणे, किंवा क्रँकची सील जाणे.

इथे उस्तादजींनी जे केले ते कोणालाही घरी करता येईल, आणि तरीही फारच थोडे मेकॅनिक करतात. त्यांनी सिलिंडर आणि हेड पुन्हा तात्पुरते बसवले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून सायलेन्सरचे आणि कार्ब्युरेटरचे तोंड पक्के बंद केले. प्लगच्या जागी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेली एक नळी आटली, तिला छोटा दाबमापक होता. मग सायकलच्या पंपाने चौरस इंचाला पाच-सहा पौंड इतकीच हवा भरली. याहून जास्त भरली तर चांगली सीलही उलटून येते. चांगल्या इंजिनात हा दाब काही मिनिटे टिकून राहतो. आमचा काटा बघता बघता शून्यावर आला. मग पंक्चर काढताना करतात तसे साबणाचे पाणी सगळ्या जोडांवर सोडले. पॅकिंगवर एकही बुडबुडा नाही. क्लचकडची बाजूही शांत. मॅग्नेटोच्या चाकामागून मात्र भसाभस फेस आला.

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण उस्तादजी म्हणाले, “थांब. 27 वर्षांत रबर कडक होणारच. सील आज गेलेली आहे, एवढंच यातून कळलं. त्या दिवशी गेली होती का, हे अजून कळायचं आहे.”

हा माणूस मला तेव्हा फार आवडला. आपल्याला हवे ते उत्तर मिळाल्यावरही शंका जिवंत ठेवणे किती जणांना जमते?

मॅग्नेटोचे चाक पुलरने काढले. मागे काळ्या तेलकट चिखलाचा जाड थर, त्यावर वर्षानुवर्षांची सुकलेली धूळ. उभ्या असलेल्या गाडीतून असे तेल उडत नाही. इंजिन चालू असतानाच, सीलच्या फटीतून फुसफुसून ते बाहेर आलेले होते. सीलची ओठासारखी कड झिजून गुळगुळीत झाली होती. झीज फिरण्याने होते, उभे राहण्याने नाही.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आईने विचारले, “ती आपोआप रेस होत राहायची, ते यामुळेच का हो?”

उस्तादजींनी कप तसाच हातात धरला. “कधी रेस व्हायची?”

“तो उन्हाळाभर. सिग्नलला थांबलं की हे हात काढायचे, तरी इंजिन आपलं भणभणतच राहायचं. यांनी दोनदा दुरुस्तीला नेली. तिथे कसलासा स्क्रू फिरवून दिला.”

हीच ती खूण होती. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही टू-स्ट्रोक इंजिन खाली यायला तयार नसेल तर कुठून तरी चोरून हवा येते आहे, असे धरून चालावे. स्क्रू फिरवून आवाज खाली येतो, हवा यायची थांबत नाही. उलट क्लचच्या बाजूची सील गेली तर इंजिन गिअरचे तेल ओढून घेते. पांढरा दाट धूर थांबता थांबत नाही, प्लग ओला काळा होतो आणि गिअरचे तेल कमी होत जाते. तो निदान डोळ्यांना दिसतो तरी. हवेची गळती दिसत नाही, आणि ती ऐन उन्हाळ्यात, लांबच्या रस्त्यावर गाठते.

अण्णा काहीच बोलले नाहीत. उठून आत गेले. थोड्या वेळाने दादाच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ऑफिसला जाण्याऐवजी करोलबागेत जुने सुटे भाग शोधायला गेला.

पुढचे काम तसे सरळ होते. सिलिंडर मोजून लेथवर बोअर केला आणि त्याच्या मापाचा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. बोअर करण्याआधी पिस्टन हातात हवा. आधी बोअर आणि मग पिस्टनचा शोध, हा उलटा क्रम अनेकांना महागात पडतो. दोन्ही सील, क्रँकची बेअरिंग आणि सगळी पॅकिंग नवी घातली. सायलेन्सरमध्ये इतकी काजळी निघाली की फक्त तेवढ्यानेही गाडीची ताकद अर्धी झाली असती. इंजिन खोलण्याआधी सायलेन्सर साफ करून पाहावा, असे उस्तादजींचे मत आहे. त्यांच्याकडे ‘इंजिन गेले’ म्हणून येणाऱ्या कित्येक गाड्यांचे दुखणे तिथेच असते. साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. काटा हलला नाही.

रबरी नळ्या आणि टाकीचा नळ नवे घेताना एक काळजी घेतली. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय ओलावा ओढून घेते. म्हणून क्वचित चालवायच्या गाडीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

व्हिंटेज नोंदणीचे कागद आम्ही जमवत आहोत. जुने नोंदणीपत्र अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले निघाले. दिल्ली परिसरातल्या जुन्या वाहनांविषयीचे आदेश 2018 नंतरही बदलत आले आहेत, तेव्हा असा अर्ज करणाऱ्याने आपल्या परिवहन कार्यालयात ताजी चौकशी आधी करावी. तोपर्यंत गाडी अंगणातच.

पहिल्यांदा सुरू केली त्या रविवारी अण्णांनी पेट्रोल कोणालाच घालू दिले नाही. अॅल्युमिनियमच्या जुन्या मापाने त्यांनी तेल मोजले, उजेडात धरून पाहिले, थोडे ओतून पुन्हा मोजले आणि स्वतः ढवळले. किक दादाने मारली. चौथ्या किकला निळा धूर सोडत इंजिन बोलायला लागले. अण्णांनी अॅक्सिलरेटर पिळला आणि हात काढला. आवाज झटकन खाली उतरला आणि एका ठेक्यात चालू राहिला. त्यांनी पुन्हा पिळला, पुन्हा हात काढला. असे चार-पाच वेळा.

आई दारात उभी होती. तिने पदर नाकाला लावला आणि विचारले, “तेल घातलंय ना?”

अण्णा इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावे लागले.